त्रिकोण असा नसतो

गेल्या दिवाळीत आमच्या मारेगावच्या घरी एका चार वर्षांच्या विदुषीचा पंधरा दिवस मुक्काम होता. ही विदुषी म्हणजे माझी नात. पुण्याहून येताना तिने आपल्या चिमुकल्या पिशवीत दोन फ्रॉक, एक कापडी ससा आणि एक पुस्तक एवढाच संसार आणला होता, आणि त्यातही पुस्तकापुढे बाकीचे सारे तिला गौण वाटत होते. पुस्तकाची पाने जाड पुठ्ठ्याची, कोपरे कोणाला बोचू नयेत म्हणून गोल केलेले, आणि प्रत्येक पानावर एकच मोठी रंगीत आकृती: तांबडे वर्तुळ, निळा चौरस, हिरवा आयत, पिवळा त्रिकोण. आकृतीखाली तिचे नाव आणि नावाखाली त्या आकाराच्या एकदोन वस्तू. वर्तुळाखाली चेंडू, चौरसाखाली खिडकी, आयताखाली दार, आणि त्रिकोणाखाली देवळाचे शिखर व पिझ्झाचा तुकडा शेजारी शेजारी नांदत होते. शेवटच्या पानावर तोच निळा चौरस कोपऱ्यावर उभा करून त्याचे ‘शंकरपाळी’ असे नवे बारसेही केलेले होते.

घरात पाऊल टाकल्यापासून विदुषीने सर्वांची परीक्षा आरंभिली. आजीची झाली, शेजाऱ्यांची झाली, दूध घालणाऱ्या गृहस्थांचीही झाली. माझी पाळी आली तेव्हा मी सगळी उत्तरे बिनचूक दिली, आणि “आजोबा, तुम्हांला सगळं येतं” असे प्रशस्तिपत्र मला तत्काळ मिळाले. येथल्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली. परंतु इतके निःसंदिग्ध प्रशस्तिपत्र मला आजवर कोणी दिलेले नाही. मी मनातून फुशारलो यात नवल ते काय? पुढे जे घडले ते त्या फुशारकीचेच फळ होय, असे आता मला वाटते.

मारेगाव हे यवतमाळ जिल्ह्यातील एक लहानसे तालुक्याचे ठिकाण. शेजारच्या वणी भागात कोळशाच्या खाणी, आणि भोवती काळ्या रानात कापूस, तूर व सोयाबीन. आमचे घर जुने. मागे मोठे अंगण आणि अंगणाच्या कडेला गोठा. गोठ्यात आता बैल नाहीत. पेरणीला ट्रॅक्टर येतो. तरीही वडिलांच्या वेळचा वखर, डवरा आणि तिफण ही मंडळी भिंतीला टेकून अजून उभी आहेत. ती मोडीत काढावी असे दरवर्षी ठरते आणि दरवर्षी राहून जाते.

आमची थोडीशी जमीन जे जोडपे पाहते त्यांना पाच वर्षांची एक मुलगी आहे. त्यांचे मूळ गाव म्हणजे जवळचेच एक कोलाम पोड. कोलामांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात. घरी त्यांची भाषा कोलामी. ती द्राविडी कुळातील, आपल्या मराठीहून अगदी निराळी. ही मुलगी आईबरोबर रोज सकाळी आमच्याकडे येई. दुसऱ्याच दिवशी तिची आणि माझ्या नातीची गट्टी जमली. दोघींच्या भाषा पुरत्या जुळत नव्हत्या. पण त्या वयात मैत्रीला व्याकरणाची गरज नसते.

एके सकाळी मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. नातीने पुस्तक उघडून मैत्रिणीची शिकवणी चालविली होती. मध्येच मला मास्तरकीची लहर आली आणि मी म्हणालो, “पुस्तक मिटा आता. अंगणात त्रिकोण कुठं आहे तो शोधा पाहू.”

नात अंगणभर हिंडली. तेथे शिखर नव्हते आणि पिझ्झा तर नव्हताच. ती हिरमुसून परत आली. दुसरी मात्र जागची हलली ती थेट गोठ्याकडे धावली, आणि तिफणीवर हात ठेवून उभी राहिली. तिफण ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खाली एक आडवे लाकूड असते, त्यात तीन फण बसवलेले असतात. प्रत्येक फणापासून एक पोकळ नळी वर जाते, आणि तिन्ही नळ्या वर एका लाकडी चाड्यात येऊन मिळतात. पेरणारी बाई चाड्यात मुठीने बी सोडीत चालते, आणि ते तीन वाटांनी जमिनीत उतरते. बाजूच्या दोन नळ्या आणि खालचे लाकूड यांचा एक उंच, सडपातळ त्रिकोण होतो, आणि मधली नळी त्याचे आणखी दोन त्रिकोण पाडते. मी एक मागितला होता. मुलीने तीन आणून दिले होते.

नात पुस्तक घेऊन तिच्या मागोमाग गेली. तिने पिवळ्या त्रिकोणाचे पान उघडून तिफणीशेजारी धरले, एखाद्या सराफाने कसोटी धरावी तसे, आणि निकाल दिला: “हा त्रिकोण नाही. त्रिकोण जाडा असतो. हा तर उंच आहे.” मग दोघींनी माझ्याकडे पाहिले.

मी वर्तमानपत्रातून पुरते डोकेही वर काढले नाही. पाहुणी आलेली नात, तिचे आवडते पुस्तक आणि माझे ते ताजे प्रशस्तिपत्र! मी म्हणालो, “हो, त्रिकोण असा नसतो. पुस्तकात आहे तसा असतो.”

मुलीने तिफणीवरचा हात काढून घेतला. ती रडली नाही, रुसली नाही, तिने वादही घातला नाही. हात काढून तिने तो पाठीमागे नेला, एवढेच. त्या दिवशी पुन्हा पुस्तक उघडले की ती उठून आईजवळ जाऊन बसे.

रात्री अंथरुणावर पडल्यावर तो पाठीमागे गेलेला हात मला दिसू लागला, आणि त्याबरोबरच चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा एक वर्गही दिसू लागला. आमच्या शाळेत भूमितीच्या तासाला फळ्यावर जो त्रिकोण निघे तो नेहमी एकाच थाटाचा असे: पाया जमिनीला समांतर, शिखर बरोबर मध्यभागी. वर्षभर आम्ही त्याचीच उपासना केली. परीक्षेत कोणा खोडकर परीक्षकाने त्रिकोण आडवा पाडून ठेवला, आणि त्याचा पाया कोणता, उंची कोणती हे निम्म्या वर्गाला सांगता येईना. त्या निम्म्यांत मी होतो. आम्हांला त्रिकोण ठाऊकच नव्हता. त्याचे एक चित्र तेवढे पाठ होते. त्या गुणपत्रिकेनंतर माझा आणि भूमितीचा संबंध जवळजवळ संपला आणि मी वाङ्मयाच्या आश्रयाला आलो. वाङ्मयाने माझे कोटकल्याण केले हे खरे. पण आपल्याला आकृत्यांतले कळत नाही ही समजूत मात्र मी आयुष्यभर वागवली. तीच समजूत आज सकाळी एका वाक्याने मी दुसऱ्याच्या पदरात टाकली होती. फरक इतकाच की मी चुकलो होतो, आणि ही मुलगी बरोबर होती.

तीन सरळ रेषांनी बंदिस्त झालेली आकृती म्हणजे त्रिकोण. याहून अधिक अट भूमितीने घातलेली नाही. तो जाडा असावा, पायावर उभा असावा, पिवळा असावा, असे तिने कोठेही म्हटलेले नाही. परंतु मुलाला व्याख्या कळत नाही, ते चेहरा ओळखते. पिएर व्हॅन हीले आणि डीना व्हॅन हीले या डच शिक्षक दांपत्याने १९५७ साली उट्रेख्ट विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधांत भूमितीच्या आकलनाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यांतली पहिली पायरी हीच: मूल आकृतीकडे सबंध पाहते, आणि आधी पाहिलेल्या नमुन्यासारखी ती दिसली तर तिला ते नाव देते. बाजू मोजणे, कोन पाहणे हे पुढचे. पुढे बालशिक्षणाच्या अभ्यासकांनाही पुष्कळदा आढळून आले आहे की एकाच थाटाचे त्रिकोण पाहिलेली मुले उलटा, कलता किंवा निमुळता त्रिकोण आपल्या जातीचा मानायला तयार होत नाहीत. यात मुलांचा दोष काडीचा नाही. ज्याने जन्मात हापूसच पाहिला त्याने गावरान आंब्याला आंबा म्हणावयास कचरावे, तसेच हे आहे. दोष असेल तर एकच आंबा दाखवणाऱ्याचा.

चित्रमय पुस्तकाचा जन्म झाला तो एका थोर हेतूने. कोमेनियस या मोराविया प्रांतातील शिक्षणवेत्त्याने १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे आपले सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा युरोपातील मुले लॅटिन शब्दांची घोकंपट्टी करीत होती. शब्दाबरोबर वस्तूही मुलाच्या डोळ्यांपुढे उभी राहावी म्हणून त्याने शब्दाशेजारी चित्र आणून बसविले. पोकळ शब्दांविरुद्ध ते एक बंड होते. त्या बंडाला साडेतीनशेहून अधिक वर्षे लोटली. कोणत्याही बंडखोराने गादीवर बसल्यावर करावे तेच चित्रानेही केले. आज पुठ्ठ्याच्या पानावरचा पिवळा त्रिकोण हाच एक पोकळ शब्द झाला आहे. तो घोकता येतो, परीक्षेत सांगता येतो, आणि त्याच्या जोरावर समोरची वस्तू नाकारताही येते.

चित्राची ही मर्यादा थोर बालशिक्षकांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. फ्रोबेलने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे आपले कार्य आरंभिले, तेव्हा त्याने मुलांच्या हाती प्रथम लोकरीचे चेंडू दिले, आणि मग लाकडाचा गोल, घन व दंडगोल. आमच्या पुस्तकात चेंडू वर्तुळाखाली छापला आहे. चेंडू हा वर्तुळ नव्हे, गोल होय, हे हातात घेतलेल्या मुलाला कोणी न सांगता कळते. कागदावर मात्र दोन्ही सारखेच दिसतात. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडले. त्यांच्या साहित्यात लाकडी चौकटीत बसणारे आकार असतात. मूल त्यांच्या कडेवरून बोट फिरवते आणि डोळ्याआधी बोटाला कोपरा कळतो. त्या साहित्यात त्रिकोण एक नसतो; समभुज, समद्विभुज, विषमभुज, काटकोनी, विशालकोनी असे त्यांचे सबंध कुटुंब असते. बाई १९३९ मध्ये हिंदुस्थानात आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली. महागडे साहित्य खेड्यात कोठून आणावे, म्हणून त्यांनी आणि अनुताई वाघांनी शंखशिंपले, पाने, बिया, खडे यांनाच साहित्य केले. १९७५ साली अंगणवाड्या सुरू झाल्या, त्यांच्या नावातच ‘अंगण’ हा शब्द आहे. मूल जेथे आहे तेथे शाळेने जावे, हा त्यातला अर्थ. माझ्या अंगणात शाळा आपण होऊन आली होती, आणि तिला मीच हुसकून लावले होते.

आणखी एक गोष्ट त्या रात्री आठवली. आपल्या मराठी क्रमिक पुस्तकांत खोक्याच्या आकाराला ‘इष्टिकाचिती’ असे भारदस्त नाव आहे. हा शब्द ऐकून विद्यार्थी हसतात. मीही हसलो आहे. पण इष्टिका म्हणजे वीट, आणि चिती म्हणजे रास, रचना. यज्ञाच्या वेदी विटांनी रचीत, आणि त्या विटाही चौरस, लांबट, त्रिकोणी अशा नाना आकारांच्या असत. ते माप ज्यांत सांगितले त्या ग्रंथांना शुल्बसूत्रे म्हणतात, आणि शुल्ब म्हणजे दोरी. बौधायनाची भूमिती कागदावर जन्मलेली नाही. ती दोरी ताणणाऱ्या आणि वीट रचणाऱ्या हातांत जन्मली आहे. आमच्या भागात शेतातला कापूस निराकार असतो. घरात ओतला की त्याचा शंकू होतो, आणि जिनिंगमधून रुई दाबून निघाली की १७० किलोची इष्टिकाचिती होते. तिला आम्ही गाठ म्हणतो. त्या मुलीच्या बापाने अशा गाठी पाहिल्या आहेत, आईने शंकू रचले आहेत. भूमिती त्यांच्या घरी नाही असे म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिला?

सकाळी दोघी मायलेकी आल्या तेव्हा मी अंगणातच उभा होतो. मुलीला म्हणालो, “काल मी चुकलो. तुझी तिफण त्रिकोणच आहे.” मला वाटले होते, तिचा चेहरा खुलेल. ती आईच्या लुगड्यामागे गेली. आई ओशाळून म्हणाली, “असू द्या जी, लहान लेकरू हाये.” पोरीच्याच हातून काही आगळीक घडली असावी, अशी तिची समजूत दिसली. मोठ्या माणसाने क्षमा मागावी याची त्या दोघींना सवय नव्हती, आणि माझ्या क्षमायाचनेने त्यांना कालच्यापेक्षाही अवघडल्यासारखे झाले. प्रौढ माणसाला शब्दांचा भरवसा फार. आपण शब्दाने मोडले ते शब्दाने सांधता येईल असे त्याला वाटते.

मग मी बोलणे सोडले. घरातून सुतळी आणली, तिची दोन टोके गाठून मोठे कडे केले, आणि त्यात एक बोट घालून उभा राहिलो. नातीने दुसरे बोट घातले. तिसरा कोपरा रिकामा होता. तो रिकामा कोपरा कोणत्याही मुलाला फार वेळ पाहवत नाही. दोनतीन मिनिटांनी मुलगी आली आणि तिने आपले बोट घातले. सुतळी ताणली आणि आमच्या तिघांमध्ये त्रिकोण उभा राहिला. मी मागे सरलो, तो उंच झाला. नात बाजूला धावली, तो कलला. दोघी एकमेकींजवळ आल्या, तो तिफणीसारखा सडपातळ झाला. “आता?” नात विचारी. “आहे,” मी म्हणे. “आणि आता?” “आहे.” धावता धावता नात आम्हां दोघांच्या बरोबर मध्ये येऊन उभी राहिली. आम्ही ओढ घेतली आणि सुतळीच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या.

“गेला जी!” मुलगी ओरडली. कालपासूनचा तिचा तो पहिला शब्द.

तीन बिंदू एका रेषेत आले की त्रिकोण नाहीसा होतो. ही गोष्ट आमच्या पुस्तकाच्या एकाही पानावर नव्हती. आणि ती पाच वर्षांच्या मुलीने कोणी न विचारता सांगितली होती. मग खेळाला रंग चढला. चौथा कोपरा धरायला आईला बोलाविले. तिने आधी आढेवेढे घेतले, मग हात पुसून आली. चौघांनी मिळून फरशीच्या रेषांवर चौरस धरला. मग सगळे अर्धे पाऊल गोलात सरकलो. नात लगेच म्हणाली, “आता हा चौरस नाही. शंकरपाळी झाली.” दुसरीने खाली पाहिले, वर पाहिले, आणि म्हणाली, “फिरला तं का झालं? थोच तं हाये.” यावर विदुषीला उत्तर सुचले नाही. मलाही काही बोलण्याची आवश्यकता वाटली नाही.

हे सारे वाचून मी चित्रपुस्तकांचा वैरी झालो आहे असे कोणी समजू नये. ज्या घरात मुलाच्या हाती पुस्तक आहे ते घर भाग्यवान, आणि ज्या पोडात अजून ते पोचले नाही तेथे ते पोचलेच पाहिजे, शक्य तर तेथल्या भाषेतही. चांगली पुस्तके नाहीत असेही नाही. ताना होबन या अमेरिकेतील छायाचित्रकार बाईंनी १९८६ साली आकारांचे एक पुस्तक काढले. त्यात शब्द नाहीत. आहेत ती रस्त्यावरची, घरातली, कामावरची साधी छायाचित्रे, आणि आकार मुलानेच हुडकून काढायचे. तशी छायाचित्रे मारेगावात काढायला काय हरकत आहे? सूप, टोपली, चाडे, रुईची गाठ, आठवडी बाजारातली पाले, यांत कोणता आकार नाही?

तोवर एक लहानशी सूचना करून ठेवतो. मुलासाठी असे पुस्तक घेताना त्रिकोणाचे पान उघडावे आणि त्यावर त्रिकोण किती आहेत ते मोजावे. लांबुडका, उलटा, कललेला असे चारपाच असतील तर पुस्तक खुशाल घ्यावे. एकच असेल, तरीही घ्यावे. मात्र घरी आल्यावर ते फिरवून, उलटे धरून दाखवावे, आणि चौरस हा आयताच्याच कुळातला आहे हेही केव्हातरी हळूच सांगून ठेवावे. पुस्तकात ते दोघे भिन्न ज्ञातींचे असल्यासारखे अलग पानांवर राहतात. आणि मुलाने काही वेगळे दाखविले, तर वर्तमानपत्र बाजूला ठेवून ते नीट पाहावे. माझ्या हातून राहिले ते एवढेच.

निघण्याच्या आदल्या दिवशी नातीने हुकूम केला की तिफण पुस्तकात काढून द्या. त्रिकोणाच्या पानावर पिझ्झाच्या शेजारी थोडी मोकळी जागा होती. मी पेन्सिल घेऊन मोठ्या काळजीने आडवे लाकूड काढले, फण काढले, दोन नळ्या वर नेल्या, चाडे काढले. दोघी डोक्याला डोके लावून पाहत होत्या. चित्र पुरे झाल्यावर कोलाम पोडाची ती मुलगी काही बोलली नाही. तिने फक्त बोट पुढे केले आणि मधोमध ठेवले. मधली नळी काढायची मी विसरलो होतो.

“आजोबा,” नात गंभीरपणे म्हणाली, “तुम्हांला सगळं येत नाही.”

प्रशस्तिपत्र परत गेले. मी मधली नळी काढली.